दुसरा वार

वयाच्या नवव्या वर्षी तिने थोरल्या चुलतभावाचे समोरचे दोन दात पाडले. दुधाचे नव्हते, पक्के होते. त्याने वेणीला धरून तिला अंगणभर फरफटवलं होतं. पण सोडूनही दिलं होतं, आणि घाबरून पळालाही होता. हिने त्याला गल्लीच्या टोकाला गाठलं, खाली पाडलं आणि विटेच्या तुकड्याने हिशेब चुकता केला. घरी आल्यावर वडिलांनी तिचे रक्ताळलेले हात धुतले आणि आईला म्हणाले, "हिचा राग हिच्याआधी पोचतो. ही आपली मागून जाते."

वडील सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचे. घर शीख होतं, पण फार कडक नव्हतं. पुरुषांच्या डोक्याला पगडी, कुणाच्याही केसांना कात्री नाही, सकाळी नळावर तोंड धुता धुता म्हटलेला जप, एवढंच. धर्माचं बाकी सगळं खातं आजोबांकडे. त्यांना डोळ्यांनी फारसं दिसत नसे, म्हणून ते दिवसभर खाटेवर बसून नातवंडांना गुरूंच्या गोष्टी सांगायचे. सहाव्या गुरूंनी कमरेला दोन तलवारी बांधल्या, एक संसारातल्या न्यायासाठी आणि एक आत्म्यासाठी, ही गोष्ट तिने शंभरदा ऐकली असेल. दहाव्या गुरूंनी भरल्या सभेत नंगी तलवार उपसून शिर मागितलं आणि एकामागून एक पाच जण उठले, ही तर तोंडपाठ होती.

एकच गोष्ट तिला मुळीच आवडत नसे. गडाला शत्रूचा वेढा पडलेला असताना भाई कन्हैया पखाल घेऊन रणात फिरायचा आणि जखमी दिसेल त्याला पाणी पाजायचा, मग तो आपला असो की शत्रूचा. लोकांनी गुरूंकडे तक्रार केली. गुरूंनी विचारलं तर म्हणाला, मला सगळ्या चेहऱ्यांत तुम्हीच दिसता. गुरूंनी त्याला मलमाची डबी दिली आणि सांगितलं, नुसतं पाणी का, औषधही लाव.

"पाणी पिऊन तो परत लढायला उठला तर?" ती विचारायची.

"तर उठला."

"मग कन्हैया खुळाच की."

आजोबा हसायचे आणि हाताने चाचपडून तिच्या डोक्यावर टपली मारायचे.

लग्न झालं ते एका मोटार मेकॅनिकशी. माणूस इतका शांत की शेजारी विचारायचे, तुमच्या घरात नक्की किती माणसं राहतात? ती एका मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला लागली. लाँड्री तळघरात होती आणि भिंतींतून वाफेचे पाइप गेलेले होते. एका अंगाला मळका विभाग, तिथे वॉर्डांतून गाठोडी यायची. गाठोडं सोडताना आत काय निघेल याचा नेम नसे: सुई, पाते, कुणाची कवळी, एकदा तर आख्खं प्लास्टर. रक्ताच्या चादरी आधी थंड पाण्यात, कारण गरम लागलं की डाग पक्का बसतो. मग मोठमोठे ड्रम, मग पिळणीची यंत्रं, आणि शेवटी रोलर इस्त्री. खोलीच्या रुंदीचा तो तापलेला रोलर ओली चादर या बाजूने गिळायचा आणि त्या बाजूने कडक करून बाहेर टाकायचा. तिच्या मनगटात लोखंडी कडं होतं, ते ड्रमच्या दारावर खणकन वाजायचं. म्हणून बायका तिला कडेवाली म्हणू लागल्या, आणि पुढे वय वाढलं तशी कडेवाली मावशी.

तिशी उलटली त्या वर्षी रोलरवरच्या एका बाईचा हात चादरीसोबत आत ओढला गेला. ती किंचाळली. मुकादम थांबवायच्या बटणापासून दोन पावलांवर होता, पण त्याचे पाय जमिनीला खिळले. कडेवाली तीन टेबलं ओलांडून धावली आणि बटण दाबलं. तोवर कोपरापर्यंतचं कातडं गेलं होतं आणि खोलीभर असा वास पसरला होता की दोघी-तिघी तिथेच ओकल्या. जखमी बाईला वर नेलं. त्यानंतर कडेवालीने पिळणीच्या यंत्राचा लोखंडी दांडा उचलला आणि मुकादमाला झोडपलं. तो पडला, हात जोडू लागला, तरी ती झोडपत होती. चार बायकांनी तिला मागे ओढलं. त्याची एक बरगडी मोडली होती. सगळ्या लाँड्रीने तिची बाजू घेतली म्हणून दोन महिने घरी बसवण्यावर निभावलं.

त्या दोन महिन्यांत तिला राहून राहून तो हात जोडलेला मुकादम दिसायचा. एक दिवस ती नवऱ्याला म्हणाली, "मला दावं लागलं पाहिजे. नाहीतर माझ्या हातून एखाद दिवशी माणूस मरेल."

"मी कोण लावणार तुला दावं?" नवरा म्हणाला. "मीच तुला भिऊन असतो."

तो हसला, पण ती हसली नाही. पुढच्याच महिन्यात तिने गुरुद्वाऱ्यात जाऊन अमृत घेतलं. दीक्षा घेतलेल्या पाच जणांनी लोखंडी वाडग्यात पाणी आणि बत्तासे घालून दुधारी खंड्याने ते ढवळलं, ढवळताना वाणी म्हटली. ते पाणी तिने प्यायलं, डोळ्यांवर आणि केसांवर शिंपडून घेतलं. त्या दिवसापासून तिच्या अंगाला पट्ट्यात अडकवलेली वीतभर पात्याची किरपाण आली. त्या पाचांत सगळ्यात वयस्कर होते ते शाळेत गणित शिकवणारे मास्तर. त्यांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "बाकी सगळे मार्ग बंद झाले, तरच हिला हात लावायचा. आणि दुबळ्याला वाचवण्यापुरताच. आपल्या आत पाच चोर असतात, काम, क्रोध, लोभ, मोह, अहंकार. तुझा कोणता, ते मी सांगायला नको."

"घरातलाच आहे, मास्तर. लहानपणापासून ओळख आहे," ती म्हणाली.

वीस वर्षं तिने त्या चोराला कोंडून ठेवलं. लाँड्रीत ती एप्रनच्या आत किरपाण घट्ट बांधायची, पट्टा यंत्रात अडकू नये म्हणून. एवढ्या वर्षांत तिला आवाज चढवतानाही कुणी ऐकलं नाही. नव्याने आलेल्यांना मुकादमाची गोष्ट सांगितली तर त्यांना खरी वाटत नसे.

मग लाँड्रीत धाकटी आली. वयाने सगळ्यांत लहान म्हणून हे नाव. हाताला चपळ आणि तोंडाने त्याहून. तिच्या गप्पांनी रोलरचा कंटाळा जायचा. पण महिन्यातून एक-दोनदा ती गप्प असायची आणि त्या दिवशी तिच्या अंगावर बाह्या लांब असायच्या. एकदा गाठोडं उचलताना बाही वर सरकली. दंडावर बोटांचे काळे-निळे ठसे, आणि त्यांच्या मधोमध गोल भाजलेलं.

"इस्त्रीचं आहे," धाकटी म्हणाली.

"आपल्या इस्त्रीला बोटं कधी फुटली?" कडेवालीने विचारलं.

हे करणारा धाकटीचा नवरा होता. सामानाच्या गाड्या भरणारा, अंगाने आडवा. कडेवालीने सगळे मार्ग धरून पाहिले. आधी आपल्या नवऱ्याला बरोबर घेऊन त्याच्या घरी गेली, हात जोडून समजावलं. त्याने चहा दिला, मान डोलावली, आणि ते जिना उतरले त्याच संध्याकाळी धाकटीचं मनगट मोडलं. मग ती तिला पोलिसात घेऊन गेली. तिथल्या हवालदाराने कागद लिहून घेतला आणि म्हणाला, घरचं भांडण आहे, निवळेल. मग धाकटीला तिने आपल्याच घरी आणून ठेवलं. तो दारापुढे उभा राहून शिव्या द्यायचा. कोर्टातून त्याला लांब राहायचा हुकूमही मिळवला. तो हुकूम त्याने फाडला आणि पाकिटात घालून धाकटीला पाठवून दिला.

दुपारची पाळी बदलायची वेळ होती. लाँड्रीच्या गेटवरचा म्हातारा पहारेकरी खुर्चीवर बसून वर्तमानपत्र वाचत होता. धाकटीच्या नवऱ्याने एक शब्द न बोलता त्याच्या डोक्यात लोखंडी पहार घातली. म्हातारा खुर्चीसकट कोसळला. मग पहार टाकून तो जिन्याने खाली आला, आणि आता त्याच्या हातात सुरा होता.

धाकटी रोलरपाशी होती. त्याने तिचे केस मुठीत धरले आणि तिचं तोंड तापलेल्या रोलरकडे ढकलू लागला. तिने दोन्ही हातांनी रोलरच्या कडेला रेटा दिला होता, तळव्यांचं कातडं चरचरत होतं. ती ओरडत नव्हती, नुसती हुंकारत होती, जड ओझं उचलताना माणूस हुंकारतं तशी. बायका ओरडत भिंतीला चिकटल्या. कुणीतरी यंत्र बंद केलं, पण रोलर तापलेलाच होता.

कडेवालीने मागून त्याच्या कमरेला मिठी घातली आणि त्याला ओढलं. तो वळला. सुरा तिच्या डाव्या हातावरून कोपरापासून मनगटापर्यंत उतरला आणि कड्यावर आदळून थांबला. तिने त्याला सोडलं. तो परत धाकटीकडे वळला, सुरा वर उचलला. तेव्हा तिने एप्रनमध्ये हात घातला.

पहिला वार त्याच्या उजव्या दंडावर बसला, हाडापर्यंत. सुरा फरशीवर पडला आणि टेबलाखाली घरंगळत गेला. तो गुडघ्यांवर बसला. रक्त बोटांवरून धारेने गळत होतं. त्याने डावा हात वर केला, पंजा उघडा, आणि "बस, बस" असं काहीतरी म्हणाला.

दुसरा वार तिने त्याच्या गुडघ्यामागे केला. त्यासाठी तिला त्याला वळसा घालून मागे जावं लागलं. तीन पावलं. काहीतरी तुटल्याचा आवाज आला, जाड दोरी तुटावी तसा, आणि तो तोंडावर पडला.

मग तिने किरपाण टेबलावर ठेवली, धुतलेल्या चादरींच्या थप्पीतून एक ओढली, टर्रकन फाडली आणि त्याच्या दंडाला करकचून बांधली. फरशीवर त्याचं रक्त होतं, तिचं होतं, आणि धाकटीच्या तळव्यांचं कातडं होतं. मग वरून पोलीस आले.

माणूस वाचला. हात बरा झाला, पाय मात्र कायमचा लुळा पडला. म्हातारा पहारेकरीही वाचला, पण एका कानाने बहिरा झाला. कडेवालीवर गुन्हा दाखल झाला आणि जामीन मिळाला. वकीलबाई म्हणाल्या, सरळ प्रकरण आहे, जीव वाचवण्यासाठी केलं, सुटाल. धाकटीने आधीच जबाब दिला होता की, तो खाली पडलेला सुरा उचलायला झेपावला, म्हणून मावशीने दुसऱ्यांदा मारलं. भिंतीला चिकटलेल्या बायकांनी रक्तापलीकडे काही पाहिलं नव्हतं. त्यांनीही माना डोलावल्या.

"हे असंच राहू द्या," वकीलबाई म्हणाल्या. "तुम्ही फक्त म्हणा, सगळं फार झटकन झालं, आठवत नाही."

हात शिवलेला असताना ती कामावर परत गेली. धाकटीचा नवरा वरच्याच मजल्यावर पोलीस पहाऱ्यात पडून होता. गाठोड्यांवर नावं नसतात. रक्ताची प्रत्येक चादर थंड पाण्यात टाकताना तिच्या मनात येई, ही त्याची तर नसेल?

इकडे गुरुद्वाऱ्यात तिचं कोण कौतुक. लहान मुली तिच्या हातावरचे टाके मोजायच्या. कारभारी मंडळींनी ठरवलं, भरल्या संगतीत तिला मानाचं वस्त्र द्यायचं, सिरोपा. तिला कळलं तशी ती ग्रंथपाठ करणाऱ्या ग्रंथींकडे गेली आणि म्हणाली, "सिरोपा नको. मला पाचांपुढे उभं राहायचं आहे."

दीक्षा घेतलेल्याच्या हातून चूक झाली तर त्याने पाच दीक्षितांपुढे स्वतः उभं राहून ती सांगायची आणि ते देतील ती शिक्षा, तनखाह म्हणतात तिला, डोक्यावर घ्यायची, अशी रीत आहे. ग्रंथींनी विचारलं, "चूक? तू?"

"पाचांपुढेच सांगेन."

पाच जण जमले. गणिताचे मास्तर, आता ऐंशीचे. एक वीजतंत्री, एक सुतार, एक पोस्टमन, आणि इस्पितळातल्याच एक सिस्टर, ज्यांनी तिचा हात शिवताना धरून ठेवला होता. गुरू ग्रंथसाहिबांपुढे माथा टेकून ती हात जोडून उभी राहिली आणि सगळं सांगितलं. तीन पावलंही सांगितली.

वीजतंत्र्याला राग आला. "मग त्यात काय झालं? तो उठला नसता कशावरून? त्याने काय कमी केलंय? अशाला सोडायचं?"

"सोडायचं की नाही, ते मी ठरवून गेले नव्हते," ती म्हणाली. "तो उठेल, असं माझ्या मनात आलंच नाही."

सिस्टरांनी विचारलं, "मग मनात काय होतं?"

सुतार खोकला. कुठेतरी बाहेर लंगरच्या सामुदायिक स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता.

"बरं वाटलं," ती म्हणाली. "पहिल्या वाराला काही वाटलं नाही. पहिला मी केलाही नाही, तो झाला. दुसरा मी केला. आणि मला बरं वाटलं. वीस वर्षं उपाशी असल्यासारखं होतं ते."

वीजतंत्र्याने मान खाली घातली.

पाचही जण बाजूला जाऊन बोलले. मग मास्तरांनी उभं राहून सांगितलं. चाळीस दिवस रोज गुरुद्वाऱ्यात येणाऱ्यांचे जोडे सांभाळायचे आणि पुसायचे, लंगरची भांडी घासायची, रोजच्या पाठाखेरीज आणखी एक पाठ करायचा. "पहिल्या वाराबद्दल आमच्याकडे तुझ्यासाठी शिक्षा नाही. तो किरपाणीचा होता. दुसरा तुझ्या चोराचा होता, ही त्याची शिक्षा."

"आणि कोर्टात?" तिने विचारलं.

"ते कोर्ट आहे, आम्ही नाही," मास्तर म्हणाले. "पण इथे एक सांगशील आणि तिथे दुसरं, तर जोडे पुसून नुसते जोडेच चकचकतील."

जोड्यांच्या खोलीत ती रोज संध्याकाळी बसू लागली. पाचव्या दिवशी धाकटी आली. तळव्यांना अजून पट्ट्या होत्या. तिने चपला काढल्या आणि कडेवालीच्या मांडीजवळ आपटल्या.

"वकीलबाई सांगत होत्या, तू खरं बोलणार आहेस."

"हो."

"कुणासाठी? त्याच्यासाठी?"

"नाही गं."

"मग कुणासाठी? तुझं खरं बोलणं तुला स्वच्छ करील, आणि मला? मी खोटी पडेन. त्याचा वकील म्हणेल, बघा, बिचारा शरण आला होता. त्याची शिक्षा कमी होईल. तो लवकर सुटेल. मग तू येशील का माझ्या उशाशी झोपायला?" तिचा आवाज फाटला. "तुझा तो दुसरा वार माझ्यासाठी सोन्याचा आहे, मावशी. त्या पायामुळे मी आता जिन्यावर पावलं ऐकली तरी घाबरत नाही. आणि तू त्याबद्दल जोडे पुसतेस?"

धाकटीचं बोलणं कुठेच खोटं नव्हतं. कडेवाली एवढंच म्हणाली, "मला माहीत असून मी खोटं बोलले, तर तो चोर मला कायमचा खाईल. पुढच्या वेळी तो माणूस बघायचा नाही. समोर तू असलीस तरी."

धाकटीने चपला उचलल्या आणि अनवाणीच निघून गेली.

कोर्टात सगळं धाकटी म्हणाली होती तसंच झालं. सरकारी वकिलाने विचारलं, "दुसरा वार केला तेव्हा तो काय करत होता?"

"हात वर करून बसला होता."

"सुरा कुठे होता?"

"टेबलाखाली. त्याच्या हाताच्या टप्प्यात नव्हता. आणि तो वार करून मला बरं वाटलं."

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून धाकटीकडे पाहिलं, तिच्या जबाबाबद्दल तिला चार खडे शब्द ऐकवले. धाकटीने समोर बघत ते ऐकून घेतले. पहिल्या वाराबद्दल कडेवाली निर्दोष ठरली, दुसऱ्याबद्दल दीड वर्षाची सजा झाली. त्या माणसाला खुनाच्या प्रयत्नाबद्दल दहा वर्षं मिळायची, ती सहा झाली.

पहिली किरपाण पोलिसांकडे जमा होती; नवी घेतलेली तुरुंगाच्या दारात काढून घेतली. केस, कंगवा आणि कडं राहू दिलं. काम कुठलं दिलं? धुण्याचंच. "निदान इथे सुया निघत नाहीत," ती भेटीला आलेल्या नवऱ्याला म्हणाली. तो हसला आणि मग जाळीला कपाळ टेकून रडला. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती, तिने त्याला पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

चौथ्या महिन्यात नळावर एका कैदी बाईने पाठीमागून तिचे केस धरले आणि तिचं कपाळ नळावर आपटलं, एकदा, मग परत. कारण काय तर बादलीचा नंबर. डोळ्यांत रक्त उतरलं तशी कडेवाली वळली आणि एकच ठोसा मारला. त्या बाईचं नाक फुटलं, ती मागे कलंडली, आणि ओल्या सिमेंटवर पडून दोन्ही हातांनी तोंड झाकू लागली. कडेवाली तिच्यावर मूठ आवळून उभी होती. आजूबाजूच्या बाया "दे, दे आणखी" म्हणत होत्या. तिला द्यायची होती. तिच्या खांद्यापर्यंत ती इच्छा चढली होती. तिने मूठ तशीच आवळून धरली, बोटांची नखं तळव्यात रुतली, आणि पहारेकरणी येईपर्यंत ती हलली नाही. तिला आठ दिवस एकटीला कोंडलं. दुसरा ठोसा आवरल्याचा आनंद तिला झाला नाही. चोर अजून आत होता, पूर्वीइतकाच धडधाकट. फक्त आता दार कुठे आहे, हे तिला ठाऊक होतं.

सजा भोगून आल्यावर इस्पितळाच्या मॅनेजरने, फाइलच सापडत नाही म्हणून, तिला परत घ्यायला नकार दिला. लाँड्रीतल्या बायकांनी सकाळी अकरा वाजता सगळी यंत्रं बंद केली. दोन वाजेपर्यंत शस्त्रक्रियेच्या खोल्यांतल्या चादरी संपत आल्या, आणि अडीचला मॅनेजरला तिची फाइल सापडली.

धाकटी आता रोलरवरची मुख्य झाली होती. यंत्रं बंद करताना पहिलं बटण तिनेच दाबलं होतं, असं कुणीतरी सांगितलं. पण ती कडेवालीशी बोलत नव्हती. कामापुरतं, "हे गाठोडं घे," "तो ड्रम मोकळा आहे," एवढंच. असं वर्षभर चाललं. एके दिवशी दुपारी दोघी मिळून मोठी चादर घडी करत होत्या. चार टोकं धरायची, मागे सरायचं, जवळ यायचं. जवळ आल्यावर धाकटीने हळूच विचारलं, "कोर्टात तू म्हणालीस, तुला बरं वाटलं. ते खरं?"

"खरं."

"मलाही वाटलं होतं," धाकटी म्हणाली. "अजून वाटतं. मी काही कुणापुढे उभी राहून सांगणार नाही."

"तुला नाही सांगावं लागत."

"का? मी तुझ्या धर्मातली नाही म्हणून?"

"वार मी केला म्हणून," कडेवाली म्हणाली. धाकटीने तिच्या हातातली टोकं घेतली आणि घडी पुरी केली. त्या दिवसापासून ती परत बडबडू लागली, आणि त्याच वर्षी आईला घेऊन दुसऱ्या गावी गेली. तिथला पत्ता फक्त कडेवालीला आणि कडेवालीच्या नवऱ्याला माहीत होता.

सहा वर्षं पुरी व्हायच्या आतच धाकटीचा नवरा सुटला. कोवळ्या सकाळी पाळी सुरू व्हायच्या वेळी काठी टेकत गेटवर आला. नव्या पहारेकऱ्याने खाली निरोप दिला. बायका म्हणाल्या, जाऊ नकोस. कडेवालीने किरपाणीवरचा एप्रन सारखा केला आणि वर गेली.

तो म्हातारा झाला होता. पायाचं पाऊल जमिनीला नुसतं लागत होतं, घासत होतं.

"कुठे आहे ती?"

"सांगणार नाही."

"माझी बायको आहे."

"होती. कोर्टाने सोडवली तिला."

त्याने पायावर काठी आपटली. "हे तू केलंस. मी हात वर केला होता. तू बघितलंस, तरी केलंस."

"केलं," ती म्हणाली. "पायाचं चुकलं माझं. त्याची सजा भोगली आणि अजून लाज वाटते. तुझी माफी मागते." तिने खरोखरच हात जोडले. "हाताचं नाही मागणार. तो वार उद्या परत करेन."

मग त्याने काठी उचलली आणि तिच्या खांद्यावर हाणली. गळ्याजवळचं हाड कडकन वाजलं, डोळ्यांपुढे पांढरं झालं. काठी दुसऱ्यांदा वर गेली, तेव्हा तिने ती धरली आणि हिसकावून घेतली. आधार गेल्यावर तो एका पायावर डगमगला आणि खाली जाऊ लागला. तिचा उजवा हात एप्रनपाशी गेला होता. तिथून तो निघाला आणि त्याच्या काखेत शिरला. तिने त्याला पडू दिलं नाही.

"सोड," तो ओरडला. "सोड मला!"

"सोडलं तर पडशील."

तो तिच्या तोंडावर थुंकला. डाव्या हाताने तो तिच्या मोडलेल्या खांद्यावर मुठी मारत होता, पण तोल नसल्याने त्यात जोर नव्हता. दुखायचं ते दुखतच होतं. तिला घाम फुटला होता.

"पोलिसांना बोलाव," तिने पहारेकऱ्याला सांगितलं. "आणि खुर्ची आण."

"कुणाला खुर्ची?" पहारेकऱ्याने विचारलं.

"याला, बाबा. आणखी कुणाला?"

पहारेकरी आधी फोनकडे धावला. खुर्ची यायला बराच वेळ लागला. तोवर ती एका हाताने त्याला धरून गेटमध्ये उभी होती, आणि खालून वर आलेल्या बायका जिन्याच्या तोंडाशी थबकून बघत होत्या.